भिंतीने पोट काढलं, वरची झाडं वाळली: एका इंग्लिश टेरेस गार्डनची केस

जागेचं नाव देत नाही, काउंटीही देत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेत, बाग चालवणाऱ्या ट्रस्टशी तसंच बोलणं झालंय. मी या कामात पाण्याचा निचरा बघणाऱ्या टीममध्ये होतो, सिव्हिलवाला माणूस, बागेतलं जे काय कळतं ते अशाच कामांवर उचललेलं. त्यामुळे खाली भिंत आणि पाणी जास्त येईल, फुलं कमी.

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या पश्चिमेकडचं एक कंट्री हाऊस, टेकडीच्या दक्षिण उतारावर, पिवळसर चुनखडीच्या दगडात बांधलेलं. घरासमोरचा उतार तीन टप्प्यांत कापून बाग केलीय. वरच्या टेरेसवर घराला लागून खडीचा रस्ता आणि नक्षीचे वाफे, मधल्या टेरेसवर यूच्या (सुईसारख्या पानांचं सदाहरित झाड) झाडांचे कातरून केलेले शंकू, जिन्याच्या एका अंगाला अकरा आणि दुसऱ्या अंगाला अकरा, आणि खालच्या टेरेसवर हिरवळ नि गोल हौद, त्यापुढे मोकळं रान. दगडी जिना घराच्या दाराच्या सरळ रेषेत खालपर्यंत उतरतो. फॉर्मल बाग म्हणतात ती हीच, सगळं ओळंब्यात, डावीकडे जे असेल तेच उजवीकडे.

अशा बागा इंग्लंडमध्ये दोन लाटांत आल्या. पहिली १७ व्या शतकात, इटलीच्या वळणाची, त्यातल्या टिकलेल्या थोड्याच, वेल्समधल्या पोविस कासलच्या टेरेस बघितल्या की त्यांचा अंदाज येतो. १८ व्या शतकात बागा आखणारा कॅपेबिलिटी ब्राऊन (१७१६ ते १७८३) आणि त्याच्या पठडीतल्या लोकांनी बऱ्याच ठिकाणी हे सगळं मोडून गवत थेट घराच्या दारापर्यंत आणलं. मग व्हिक्टोरियन काळात पैसेवाल्यांना परत कठडे, जिने, कारंजी हवीशी झाली. लंडनचं पार्लमेंट ज्याने केलं त्या चार्ल्स बॅरीने ट्रेन्थम आणि हेअरवुड या बड्या घरांना टेरेस बांधल्या, बागा आखणाऱ्या नेसफील्डने गावोगावी नक्षीचे वाफे काढून दिले. आमची बाग या दुसऱ्या लाटेतली, १८५० च्या दशकातली, कुणा मोठ्या नावाने केलेली नाही पण काम पक्कं.

पुढचं नेहमीचंच. पहिल्या महायुद्धानंतर माळ्यांची फौज गेली, दुसऱ्यात घर लष्कराकडे गेलं, त्यानंतर पैसा नाही म्हणून काही वर्षं नुसतं गवत कापणं चालू होतं. १९७० च्या दशकात त्या वेळच्या मालकाने भिंतींची डागडुजी केली, स्वस्तात, आणि या केसमधलं निम्मं पाप तिथे आहे. आता एक चॅरिटेबल ट्रस्ट हे चालवतो, तिकीट लावून बाग उघडी असते, उन्हाळ्यात लग्नं होतात आणि खरा पैसा लग्नांतूनच येतो.

कायद्याची बाजू आधीच सांगतो, कारण पुढचे निर्णय तिच्यामुळे वाकडे झाले. ऐतिहासिक बागांचं रजिस्टर १९८३ पासून आहे, ते आता हिस्टॉरिक इंग्लंड ही संस्था बघते. पण रजिस्टरवर असलं म्हणून वेगळी परवानगी लागते असं नाही, प्लॅनिंग अर्ज आला तर त्या गोष्टीचा विचार करायचा, एवढंच. घर मात्र लिस्टेड, म्हणजे संरक्षित इमारतींच्या सरकारी यादीतलं, ग्रेड दोन-स्टार (तीन दर्जांतला मधला), आणि घराच्या आवारातली १ जुलै १९४८ च्या आधीची बांधकामं त्या लिस्टिंगमध्येच धरतात, म्हणजे टेरेसच्या भिंतीही आल्या. तिथे विनापरवानगी फेरबदल केला तर तो फौजदारी गुन्हा आहे. झाडांना असलं काही संरक्षण नव्हतं, बागेतली झाडं तोडायला फेलिंग लायसन्सही लागत नाही. म्हणजे भिंतीचा दगड हलवायला कागदांची चळत आणि दीडशे वर्षांचा यू तोडायला एक चेनसॉ.

अडचण

२०२० चा फेब्रुवारी हा ब्रिटनचा नोंदीतला सगळ्यात ओला फेब्रुवारी. मार्चअखेर लॉकडाऊन, बाग बंद, बरेचसे माळी पगारी रजेवर, हेड गार्डनर बाई आणि एक मदतनीस एवढेच कामावर. त्या वसंतात बाईंना मधल्या टेरेसवरचे काही यू तांबूस पडलेले दिसले. आधी वाटलं थंडीचा चट्टा असेल. पुढच्या वर्षी दोन झाडं पूर्ण वाळली आणि आणखी पाचसहा तांबूस पडली.

आता इथे एक जुनी जखम होती. वरच्या टेरेसचे नक्षीचे वाफे बॉक्सवुड या कातरून ठेवायच्या झुडपाचे होते आणि ते काही वर्षांपूर्वी बॉक्स ब्लाइट या बुरशीने खाल्ले होते. हा रोग ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात आला आणि त्याने कितीतरी जुन्या बागांच्या कडा साफ केल्या. ट्रस्टच्या लोकांच्या मनात तो इतका बसलेला की यू तांबूस दिसल्याबरोबर सगळ्यांच्या तोंडी एकच, नवा रोग आला. बॉक्स ब्लाइट यूवर येत नाही हे बाईंना माहीत होतं आणि त्या सांगतही होत्या, पण मीटिंगमध्ये भीतीच जास्त बोलते.

मुळांचे नमुने लॅबला गेले आणि निघाला फायटोफ्थोरा. आपल्याकडे नागपूरच्या संत्रावाल्यांना हा वेगळा सांगायला नको, डिंक्या रोगाच्या मागे हाच असतो. दिसायला बुरशीसारखा असला तरी खरी बुरशी नाही, याचे बीजाणू पाण्यात पोहतात. माती चिंब असेल तर एका मुळावरून दुसऱ्या मुळावर जातात. आणि यू हे झाड थंडी सोसतं, सावली सोसतं, दुष्काळही बऱ्यापैकी सोसतं, पाय ओले राहिलेले मात्र त्याला अजिबात चालत नाही. लॅबच्या रिपोर्टमध्ये 'निचरा तपासा' अशी एक ओळ होती. एकच ओळ, तिसऱ्या पानावर.

दुसरीकडे, पूर्ण वेगळ्या फाईलमध्ये, भिंत. मधल्या टेरेसला धरून ठेवणारी भिंत साधारण तीन मीटर उंच, सत्तरेक मीटर लांब. जिन्याच्या पूर्वेकडच्या भागात तिने पोट काढलं होतं, ओळंब्यातून शंभरेक मिलीमीटर बाहेर, आणि वरच्या कठड्याचे दगड एकमेकांपासून सुटलेले. विमा कंपनीच्या माणसाने बघितलं आणि सांगितलं की खालून लोक जातात, बंद करा. स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमला गेला, तरुण पोरगा, हुशार, नव्या बांधकामांवर काम केलेला.

झाडांचा सल्लागार झाडांकडे बघत होता, इंजिनिअर भिंतीकडे. दोघं वेगवेगळ्या दिवशी आले, दोघांचे रिपोर्ट वेगवेगळ्या कमिटीकडे गेले. झाडांचा नकाशा एका स्केलवर, भिंतीचं एलेव्हेशन (समोरून दिसतं तसं चित्र) दुसऱ्याच स्केलवर, त्यामुळे आजारी झाडं बरोब्बर फुगलेल्या भागाच्या माथ्यावर उभी आहेत हे दीड वर्ष कुणाच्या डोळ्यांसमोर एका कागदावर आलंच नाही.

समोर आलेले पर्याय

इंजिनिअरचा पर्याय असा की भिंतीमागची माती काढायची, मागे आरसीसीची भिंत घालायची, आणि जुना दगड पुढे नुसता तोंडावर लावायचा. काम पक्कं, गणित सुटसुटीत, गॅरंटी मिळते. पण मागे खोदलं की यूची मुळं जाणार, म्हणजे त्या बाजूचे सगळे यू जाणार.

झाडांच्या सल्लागाराने तोवर सांगितलं होतं की रोग पसरायच्या आधी पूर्वेकडचे अकराच्या अकरा काढावेत. झालं, दोन रिपोर्ट एकमेकांना टेकून उभे राहिले. झाडं जाणारच आहेत तर आरसीसी करूया, आणि आरसीसी करायचीच आहे तर झाडं काढूया. वेगवेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट सांगितली असं बोर्डाला वाटलं आणि ते जवळजवळ मंजूर होणार होतं. या केसमधला सगळ्यात धोक्याचा क्षण मला विचाराल तर हा, आणि तो कुणाच्या निष्काळजीपणातून आला नव्हता. दोन्ही रिपोर्ट आपापल्या जागी नीट होते.

एक ट्रस्टी लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याचं उदाहरण घेऊन आले. तिथे विल्यम राजाची प्रिव्ही गार्डन, म्हणजे खाजगी बाग, १७०२ च्या रूपात परत उभी केली, १९९५ ला उघडली, आणि त्यासाठी वाढून अक्राळविक्राळ झालेले जुने यू काढून टाकले. म्हणणं असं की आपणही काढू, नवे छोटे शंकू लावू, मूळ डिझाइन तसंच तर होतं. मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, कारण यू खरंच मूळ मापाच्या दुप्पट झाले होते आणि खालचं रान त्यांच्याआड गेलं होतं. पण हॅम्प्टन कोर्टला जमिनीखालचं उत्खनन होतं, जुनी कागदपत्रं होती, कुठलं रोप कुठे हे सांगता येत होतं. सॉमरसेटच्या हेस्टरकोंबला बागा आखणाऱ्या गरट्रूड जेकिलचे लागवडीचे नकाशे बागेच्याच शेडमध्ये सापडले, म्हणून १९७० च्या दशकात तिथे तिची बाग परत लावता आली (तिथलं दगडकाम ल्युटेन्सचं, ज्याने पुढे नवी दिल्लीत राष्ट्रपती भवन आणि त्याची बाग केली तोच). आमच्याकडे काय होतं? एक फोटो, १८९० च्या आसपासचा, त्यात शंकू माणसाच्या खांद्याएवढे आणि मधली दोन झाडं तेव्हाही गायब. एवढ्यावरून 'मूळ रूप' म्हणणं मला तरी धाडसाचं वाटत होतं.

काही न करता टेकू लावून कुंपण घालायचं आणि पैसे येईपर्यंत थांबायचं, हाही पर्याय होता. इंग्लंडातल्या अर्ध्या जुन्या भिंती याच पर्यायावर उभ्या आहेत.

आणि चौथा, जो तेव्हा कुणी मांडलाच नव्हता, तो म्हणजे आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं.

तो आला काउन्सिलच्या कॉन्झर्वेशन ऑफिसरकडून, म्हणजे जुन्या इमारतींचं जतन बघणाऱ्या अधिकाऱ्याकडून. आरसीसीसाठी लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट, म्हणजे फेरबदलाची परवानगी, लागणार म्हणून त्यांना आधी अनौपचारिक बोलावलं होतं. त्यांनी भिंत बघितली, सिमेंटने भरलेल्या दरजांवर बोट फिरवलं आणि विचारलं, "दीडशे वर्षं नीट उभी होती, मग आत्ताच काय झालं?" इंजिनिअरकडे उत्तर नव्हतं, आणि तसं त्याने सरळ सांगितलं, याचं मला कौतुक वाटलं. तिथे आमच्या टीमला फोन आला.

पाण्याचा शोध

थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तीन मीटर उंच भिंतीमागे नीट निचरा होणारी माती असेल तर ती भिंतीला लांबीच्या दर मीटरमागे ढोबळमानाने पावणेतीन टनांनी ढकलते. त्याच मातीत पाणी माथ्यापर्यंत साचलं की हाच ढकल सहा टनांच्या आसपास जातो. माती तीच, भिंत तीच, भार दुप्पट. म्हणून घाटातल्या धरभिंतींना खाली ओळीने भोकं ठेवतात आणि पावसाळ्यात त्यांतून पाणी वाहताना दिसतं. इथेही व्हिक्टोरियन गवंड्यांनी ठेवली होती, दगडांच्या उभ्या दरजा मुद्दाम मोकळ्या ठेवून. १९७० च्या दशकातल्या डागडुजीत त्या सगळ्या सिमेंटने बुजवल्या, नीटनेटकं दिसावं म्हणून. मूळ भिंत चुन्याची. चुन्याच्या दरजेतून ओल बाहेर येऊन सुकते, सिमेंट तिला अडवतं, मग ओल दगडातून बाहेर यायला बघते आणि थंडीत गोठून दगडाचं तोंड पापुद्र्याने सोलून काढते. तेही इथे ठिकठिकाणी झालं होतं.

पण नुसत्या बुजलेल्या भोकांनी हे पूर्ण सुटत नव्हतं. तसं असतं तर पश्चिमेकडची भिंतही फुगली असती, तिच्याही दरजा बुजवलेल्याच होत्या. म्हणजे पूर्वेकडे जास्तीचं पाणी येत होतं.

मग २०२२ चा उन्हाळा आला. १९ जुलैला लिंकनशायरमध्ये ४०.३ अंश, इंग्लंडात असं कधी झालं नव्हतं, गवत सगळीकडे पिवळं. अशा दुष्काळात जमिनीखालची जुनी बांधकामं गवतावर उमटतात, २०१८ ला चॅट्सवर्थ या बड्या घराच्या आवारात १६९९ ची अख्खी नक्षीची बाग अशीच दिसली होती. हेड गार्डनर बाईंनी छपरावर चढून फोटो काढले. वरच्या टेरेसवरून घराच्या कोपऱ्यापासून एक सरळ पिवळा पट्टा पूर्वेकडे जात होता, खाली उथळ काहीतरी बांधलेलं असल्याची खूण, आणि तो मधल्या टेरेसवर एका ठिकाणी अचानक संपत होता. त्याच्यापुढे गवत हिरवंगार. तसल्या उन्हात हिरवंगार.

विटांची मोरी होती ती. छपराच्या पन्हळींचं पाणी मोरीतून दोन टेरेस खाली नेऊन हौदात सोडायची व्हिक्टोरियन व्यवस्था. कॅमेरा आत सोडला तर वीसेक मीटरवर काँक्रीटचा गोळा. छपराच्या पाण्यात हिरवा रंग टाकून बघितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी फुगलेल्या भागातल्या एका भेगेतून हिरवा ओघळ. कुणाला काही समजावून सांगायची गरजच उरली नाही.

काँक्रीट कुठून आलं याचं उत्तर गावातल्या एका निवृत्त माळी आजोबांनी दिलं. सत्तरच्या दशकात घराला विजेची नवी केबल घातली तेव्हा चर खोदताना मोरी फुटली, ठेकेदाराने वरून काँक्रीट ओतून चर बुजवला. आजोबा तेव्हा पोरसवदा, बघत उभे होते. त्यांना हे पन्नास वर्षं माहीत होतं आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते दर आठवड्याला ट्रस्टच्याच कॅफेत चहा प्यायला येतात.

तेव्हापासून त्या बाजूच्या छपराचं पाणी भिंतीमागच्या मातीत जात होतं. छपराचा तेवढा भाग सुमारे तीनशे चौरस मीटर, म्हणजे २० मिलीमीटर पावसाला सहा हजार लिटर, एका जागी. चाळीसेक वर्षं मातीने आणि खडकाच्या भेगांनी ते कसंबसं पचवलं, आणि हिवाळे ओले होत गेले तसं पचेनासं झालं.

काय केलं

पहिला निर्णय क्रमाचा. आधी पाणी वळवायचं, मग एक हिवाळा भिंत आणि झाडं दोन्ही बघायची, मग ठरवायचं किती उतरवायचं नि किती तोडायचं. बोर्डाला हे पटवणं जड गेलं, कारण थांबणं म्हणजे काही न करणं असं वाटतं, आणि कुंपणाच्या आत जिन्याची पूर्वेकडची बाजू अडकलेली, लग्नांचे फोटो तिथेच निघायचे. इंजिनिअरने इथे बाजू बदलली. लाकडी तिरपे टेकू आणि पायथ्याशी वाळूच्या गोण्यांचा बांध त्याने डिझाइन करून दिला, भेगांवर मोजपट्ट्या बसवल्या, आणि लिहून दिलं की एवढ्यावर एक हिवाळा निघेल.

२०२३ च्या उन्हाळ्यात मोरी साफ केली, फुटका तुकडा विटांतच बांधला, तपासणीची तीन तोंडं केली. केबल दुसरीकडे वळवली, हा खर्च कुणीच धरला नव्हता. मुळांच्या भागात मशीनने न खोदता हवेच्या दाबाने माती उडवून काम केलं, हळू आणि महाग, पण जाड मुळं वाचतात. बूट आणि हत्यारं दर वेळी धुवायचा नियम केला, फायटोफ्थोरा चिखलातून बुटांवर बसून दुसऱ्या टेरेसवर जाऊ नये म्हणून.

हिवाळाभर थांबायचं ठरलं होतं खरं, पण मागाहून भिंतही त्याच वर्षी उरकायची ठरली होती. चुन्याचं काम थंडीत होत नाही, ओला चुना गोठला की संपला, म्हणून साधारण एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच खिडकी. मे महिन्यात वटवाघळांचा सर्व्हे झाला आणि भिंतीच्या सुटलेल्या दगडांत पिपिस्ट्रेल जातीची वटवाघळं निघाली. ब्रिटनमध्ये वटवाघळाची जागा मोडणं गुन्हा आहे, ते त्या दिवशी तिथे असो वा नसो. नॅचरल इंग्लंड या निसर्गरक्षण बघणाऱ्या सरकारी संस्थेचं लायसन्स घ्यायचं, त्यांना पर्यायी फटी ठेवायच्या, आणि हे होईपर्यंत चुन्याचा हंगाम गेला. खूप आरडाओरड झाली, वटवाघळांवरून जोकही झाले. पण बघा, याच सक्तीच्या वर्षाने भिंत वाचवली. ऑक्टोबर २०२२ ते मार्च २०२४ हे इंग्लंडच्या नोंदीतले सर्वात ओले १८ महिने, आणि त्यातल्या दुसऱ्या हिवाळ्यात, मोरी चालू झालेली असताना, मोजपट्ट्या जवळजवळ हलल्याच नाहीत. इंजिनिअरने आकडे बघून उतरवायचा भाग तीस मीटरवरून अकरा मीटरवर आणला. घाई केली असती तर तीसच्या तीस उतरवले असते.

२०२४ च्या उन्हाळ्यात तेवढा भाग दगडाला नंबर घालून, फोटो काढून उतरवला आणि चुन्यात परत बांधला, मागे खडीचा थर आणि सच्छिद्र पाइप. बाकी भिंतीतलं सिमेंट छिन्नी-हातोड्याने काढलं. ठेकेदाराला ग्राइंडर चालवायचा होता, कन्सेंटच्या अटीत नमुन्याचा एक मीटर आधी करून दाखवायचा होता, त्या एका मीटरवर ग्राइंडरने दगडांच्या कडा खाल्लेल्या स्पष्ट दिसल्या आणि विषय मिटला. हे बघताना मला आपले किल्ल्यांवरचे चुन्याचे घाणे आठवत होते, आणि त्याच किल्ल्यांवर कुठे कुठे बघितलेली सिमेंटची डागडुजीसुद्धा. ते असो.

पैशांचं एक कडू सत्य. लिस्टेड इमारतीच्या दुरुस्तीवर २० टक्के व्हॅट (कर) लागतो. २०१२ पर्यंत उलटी गंमत होती, मंजूर फेरबदलांवर शून्य आणि दुरुस्तीवर पूर्ण, आता दोन्हीकडे पूर्ण. कन्सेंटच्या अर्जाला फी नाही, पण अर्जाला जोडायच्या रिपोर्टांना जी फी लागते ती कुणी सांगत नाही.

झाडांचं काय झालं

पूर्वेकडच्या अकरापैकी चार पूर्ण मेले होते, ते काढले. उरलेल्यांना जोरात मागे छाटलं. यू जुन्या लाकडातूनही फुटतो, कॉनिफरांमध्ये हा गुण विरळाच. पाचांना चांगली पालवी आली. दोन अजून अधांतरी आहेत, एका बाजूने हिरवे, एका बाजूने काटक्या.

मग आला समतोलाचा प्रश्न, आणि यावर भिंतीपेक्षा जास्त भांडण झालं. बाग सममित. पूर्वेला चार खड्डे दिसतात तर पश्चिमेचे समोरासमोरचे चार ठणठणीत यू काढून दोन्हीकडे एकदम नवे लावावेत, असा ठराव खरंच आला. फॉर्मल बागेच्या तर्काने तो बरोबरही आहे. हेड गार्डनर बाई त्या मीटिंगमध्ये एवढंच म्हणाल्या की १८९० च्या फोटोतही दोन झाडं नाहीत, म्हणजे ही बाग निदान एकदा तरी बोळकी होती आणि तरी चालली. ठराव पडला, पण थोडक्यात पडला.

नव्या जागी काय लावायचं? इलेक्स क्रेनाटा, म्हणजे जपानी होली, सुचवली गेली, बॉक्सच्या जागी बरेच जण लावतात, पण शेजारी दीडशे वर्षांचे यू असताना तिची पानं वेगळी दिसली असती. शेवटी पश्चिमेकडच्या निरोगी झाडांच्या फांद्या कलम करून बागेच्या नर्सरीत रोपं करायला घेतली. वंश तोच, पण लावण्याजोगी व्हायला वर्षं लागतील, यू वर्षाला फूटभर वाढला तरी पुष्कळ. तोवर खड्डे. येणारे लोक तिकीट खिडकीवर विचारतात, त्यांच्यासाठी एक पाटी लावलीय.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, सगळे सल्लागार कोरड्या दिवशी आले. साहजिक आहे, पावसात फोटो नीट येत नाहीत आणि कागद भिजतात. पण पाण्याचा प्रश्न असलेली जागा धो धो पावसात, छत्री घेऊन, एकदा तरी चालून बघायला हवी होती. २०२० किंवा २०२१ च्या हिवाळ्यात कुणी पूर्वेच्या कोपऱ्यात उभं राहिलं असतं तर पन्हळीचं पाणी जमिनीत गडप होताना दिसलं असतं आणि खाली हौदाच्या तोंडातून एक थेंब येत नाही हेही दिसलं असतं. हौद कोरडा पडतो ही तक्रार तर आधीपासून होती, ती 'कारंजं दुरुस्ती' या तिसऱ्याच फाईलमध्ये होती.

दुसरी, माणसांच्या आठवणी. पुराभिलेखावर पैसे खर्च केले, ते वाया गेले असं नाही, पण १९७० च्या दशकात काय झालं ते कुठल्याच कपाटात नव्हतं, कॅफेत होतं. जुन्या बागांमध्ये व्हिक्टोरियन कागद सापडतात आणि पन्नास वर्षांपूर्वीचे सापडत नाहीत, असं मी आता बऱ्याच ठिकाणी बघितलंय. जुनं ते जपायचं, आणि सत्तरचं दशक कुणालाच जुनं वाटत नव्हतं.

तिसरी, नेमणुकीची पद्धत. झाडं, भिंत, कारंजं, प्रत्येकाला वेगळा माणूस, वेगळं बजेट. टेरेसवर हे चालत नाही, तिथे झाडाची माती हाच भिंतीचा भार असतो आणि छपराचं पाणी दोघांच्या मधून जातं. पहिल्याच महिन्यात सगळ्यांना एका दिवशी, एका नकाशाभोवती बसवलं असतं तरी आरसीसीचा विषय इतका पुढे गेला नसता. वटवाघळांचा सर्व्हेसुद्धा भिंत पहिल्यांदा फुगलेली दिसली तेव्हाच मागवायला हवा होता. तेव्हा कुणाला सुचलं नाही, आणि नंतरचा उशीर उपयोगी ठरला हा निव्वळ योग, त्याला नियोजन म्हणू नये.

एका गोष्टीवर माझं आणि ट्रस्टच्या काही लोकांचं अजून जमत नाही. मधल्या टेरेसवर लग्नाचा मांडव लागायचा, त्याचे ट्रक भिंतीच्या माथ्यापर्यंत यायचे. फुगारा पाण्यामुळे आला हे खरं, पण ट्रकचा भार काही भिंतीला ओवाळणी घालत नव्हता, शिवाय चाकांनी माती दाबली की निचरा आणखी मरतो. सध्या मांडव खालच्या हिरवळीवर लागतो. तिथून घर तितकं छान दिसत नाही, बुकिंग कमी झालीत, आणि खाली ट्रक न्यायला धड रस्ता नाही म्हणून सामान हातगाड्यांवर जातं. रस्ता करायचा तर परत प्लॅनिंग अर्ज, आणि रजिस्टर्ड बाग म्हणून गार्डन्स ट्रस्ट या जुन्या बागा जपणाऱ्या वेगळ्या संस्थेचं मत मागवणं आलंच. दरम्यान मोरीची दर शरद ऋतूतली साफसफाई एका वर्षी बजेटमधून कापायला निघाली होती, कारण ती कुणाला दिसत नाही. बाईंनी तो खर्च झाडांच्या हेडखाली टाकून घेतलाय, आणि मांडव परत वर आणायचा प्रस्ताव पुढच्या बोर्ड मीटिंगच्या अजेंड्यावर आहे.